देवळालीचे कापरेकर मास्तर



पावसाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. वीज गेली होती आणि आमच्याकडे अभ्यासाला बसणारी मुले चुळबुळ करू लागली होती. त्यांना काहीतरी उद्योग द्यावा म्हणून आम्ही मेणबत्तीच्या उजेडात फळ्यावर खडूने एक संख्या लिहिली : १२३४५६७८९८७६५४३२१. मग मुलांना विचारले की, या संख्येविषयी तुम्हाला काय काय सांगता येईल? एकाने सांगितले, ती फार मोठी आहे. दुसऱ्याने अंक मोजले, ते सतरा भरले. तिसऱ्याच्या लक्षात आले की, ती उजवीकडून वाचली तरी तीच राहते. कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने मात्र वेगळाच प्रश्न केला. चाचणी परीक्षेत गणितात नापास झाल्यापासून ती फारशी बोलत नसे. तिने विचारले की, या संख्येचा उपयोग काय?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहोत. पायथागोरस आणि प्लेटो यांनी संख्यांविषयी काय विचार केला ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. संख्या माणसाने तयार केली की ती आधीपासूनच होती आणि माणसाला फक्त सापडली, यावर आम्ही रात्र रात्र वाद घातले होते. पण त्या मुलीच्या साध्या प्रश्नाला आम्हाला त्या संध्याकाळी धड उत्तर देता आले नाही. त्याऐवजी आम्ही मुलांना एका शाळामास्तरांची हकीकत सांगितली. त्यांनी अशाच संख्यांच्या मागे सारे आयुष्य घालवले आणि त्यांनाही लोक हाच प्रश्न विचारीत. तीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आईविना वाढलेला मुलगा

आपल्यापैकी बरेच जण पाचोऱ्याला जाऊन मुंबईची गाडी पकडतात. ती गाडी नाशिक रोड सोडते आणि पुढचेच स्टेशन येते देवळाली. लष्कराची छावणी आणि कोरडी, निरोगी हवा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. जगभरच्या गणितप्रेमींना मात्र ते आणखी एका कारणाने माहीत आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक तेथे राहत असत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची अतिशय आवड होती. पत्रिका मांडायची म्हणजे बेरजा, वजाबाक्या आणि भागाकार आलेच. ज्योतिषाचे खरेखोटे आपण बाजूला ठेवू. पण घरातील त्या रोजच्या आकडेमोडीतून एका आईविना मुलाला आकड्यांची सोबत मिळाली, एवढे खरे.

आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की, पूर्वी शाळेत नुसते पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सारे तोंडपाठ करावे लागे. कापसाचे वजन आणि भाव कानावर पडताच पैसे किती झाले हे आजही काही आजोबा कागदाशिवाय सांगतात. कापरेकर त्याच काळातले. फरक एवढाच की, उत्तर आले म्हणजे हिशेब संपला असे त्यांना वाटत नसे. उत्तर असे का आले, याचा ते पुढे विचार करीत बसत.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन ते बाहेर पडले. त्यापुढे त्यांनी कोणतीही पदवी घेतली नाही. १९३० साली ते देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, शिक्षकच राहिले. मोठे ग्रंथालय जवळ नाही, बरोबरीने विचार करणारा सहकारी नाही, संगणकाचा तर प्रश्नच नाही. वही, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढेच त्यांचे भांडवल होते.

रेल्वे स्टेशनावर सुचलेले गणित

फळ्यावरील सतरा अंकी संख्येकडे येण्यासाठी आपण त्याच रेल्वेमार्गाने आणखी पुढे जाऊ. कल्याण मागे टाकले की डोंबिवली येते. इंग्रजी अमदानीतील जी.आय.पी. रेल्वेच्या काळात मुंबईपासून तीसेक मैलांवरील या स्टेशनावर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. म्हणून त्यांनी त्या स्टेशनाच्या नावावरून अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. त्यांपैकी सर्वांत देखणा प्रकार पुढीलप्रमाणे आहे.

११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. ११११ चा वर्ग १२३४३२१ होतो. असे करीत नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला की, आमची फळ्यावरची संख्या तयार होते. यात जादू नाही. गुणाकार मांडताना १११ खाली १११०, त्याखाली १११०० अशी पायरी पायरीने मांडणी होते. बेरीज करताना मधल्या उभ्या ओळीत सर्वांत जास्त १ येतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकाने कमी होत जातात. दहा वेळा १ घेतले तर मात्र मधल्या ओळीत दहा होतात, हातचा पुढे जातो आणि शिडी मोडते. तेव्हा उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. सुंदर गोष्ट कोठपर्यंत टिकते आणि नेमकी कोठे मोडते, हे पाहणे हाच कापरेकरांचा छंद होता.

त्यांनी संख्यांच्या आणखी जाती शोधल्या आणि त्यांना आपल्या भाषेतील नावे दिली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्याकडील सन २०२२ ते २०२५ ही चारही वर्षे ओळीने हर्षद आहेत. २०२२ ला ६ ने, २०२३ ला ७ ने, २०२४ ला ८ ने आणि २०२५ ला ९ ने भाग जातो. २०२६ मध्ये अंकांची बेरीज १० होते आणि ही साखळी तुटते.

दुसरी जात त्यांच्याच आडनावाने ओळखली जाते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. आपण सर्वांनी ज्युबिली वर्ष म्हणून साजरे केलेले २०२५ हे साल असे एका कापरेकर संख्येचा वर्ग आहे. या प्रकारचे पुढचे साल ३०२५, कारण ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. मोठे उदाहरण हवे असेल तर १४२८५७ घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा १४२८५७ हजर!

तिसरी जात स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १६ मध्ये १ आणि ६ मिळवले की २३ होतात, म्हणजे २३ चा जन्म १६ पासून झाला. २३ पासून २८ जन्मते, २८ पासून ३८. पण काही संख्यांना असा जन्मदाता सापडतच नाही. २० ही तशी संख्या आहे. १४ पासून १९ येतात, १५ पासून एकदम २१ येतात आणि २० राहून जाते. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. आपल्या गावाच्या नावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर जो एमएच २० लिहिलेला असतो, त्यातील २० स्वयंभू आहे आणि २ ने भाग जात असल्यामुळे हर्षदही आहे, ही गोष्ट आमच्या मुलांना फार आवडली.

सात पायऱ्या

कापरेकरांचे नाव ज्यामुळे सर्वत्र पोहोचले तो शोध १९४६ सालचा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांपासून होणारी मोठ्यात मोठी संख्या लिहावी आणि तीतून लहानात लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करावे. जास्तीत जास्त सात वेळा असे केले की उत्तर ६१७४ येते आणि मग ते बदलत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च उरतात.

आम्ही कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहिले. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सात पायऱ्या झाल्या. मग त्यांच्या मृत्यूचे साल १९८६ घेतले. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२, आणि तेथून पुढची वाट पहिलीच! जन्मसाल दोन पावलांत आणि मृत्युसाल एका पावलात ८१७२ वर येतात आणि पुढे दोघे एकाच रस्त्याने ६१७४ ला पोहोचतात. यात काही गूढ अर्थ शोधू नये. वाटा थोड्या आहेत म्हणून त्या लवकर एकमेकींना मिळतात, एवढेच.

वाटा थोड्या का, हेही सांगता येते. चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले की पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून मिळवले की उत्तर येते. हे दोन फरक जुळवण्याचे फक्त ५४ प्रकार आहेत. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच पावलात ५४ घरांत गोळा होतात. मग त्या सगळ्यांना एकाच दारातून बाहेर पडावे लागते, हे त्या ५४ घरांची वहीवर तपासणी करून कोणालाही पाहता येते. तीन अंकी संख्यांना असेच दार आहे, त्याचा क्रमांक ४९५.

हसणारे आणि ऐकणारे

कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९५५ साली अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावरचा लेख छापून आला. आसपासच्या शाळा-कॉलेजांत त्यांना व्याख्यानाला बोलावणे येई आणि मुले त्यांच्यावर खूश असत. पण विद्यापीठांतील अनेक विद्वानांना हा सारा पोरखेळ वाटे. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळणे कठीण, म्हणून त्यांनी आपले बरेचसे काम देवळालीहून स्वत:च लहान पुस्तिकांच्या रूपाने छापले.

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. हसणारे सगळेच गर्विष्ठ होते असे नाही, त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेणारे थोर गणिती हार्डी यांनी १९४० साली आपल्या एका छोट्या पुस्तकात याच प्रकारच्या गमतींविषयी मत दिले होते. उदाहरण म्हणून त्यांनी ज्या संख्या घेतल्या त्यांत १५३ होती. १ चा घन, ५ चा घन आणि ३ चा घन यांची बेरीज १५३ होते. हार्डींच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत रस वाटण्यासारखे काही नाही. योहानच्या शुभवर्तमानातील २१ व्या अध्यायात जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्याही एकशे त्रेपन्नच, हे आपल्याला ठाऊक आहेच. कापरेकरांच्या कसोटीने पाहिले तर ती हर्षद आहे. १, ५ आणि ३ मिळून ९, आणि १५३ म्हणजे ९ गुणिले १७.

हार्डींच्या मतामागचे कारण असे. आपण दहाच्या पटीने मोजतो, बहुधा हाताला दहा बोटे आहेत म्हणून. आठाच्या पटीने मोजणाऱ्याला याच संख्या निराळ्या अंकांनी लिहाव्या लागतील. तेथे ६१७४ चे दार राहणार नाही आणि १५३ ची घनांची गंमतही राहणार नाही. पण १५३ म्हणजे नऊ वेळा सतरा, हे कोठेही गेले तरी खरेच राहील. म्हणजे अंक हे संख्येचे कपडे आहेत, शरीर नव्हे. कापरेकर कपड्यांचा अभ्यास करतात आणि त्याला शरीरशास्त्र समजतात, अशी ती तक्रार होती.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. तक्रार बरोबर आहे, पण अपुरी आहे. कपडा कसा विणला, त्याचा धागा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हाही खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. आपण दहाच्या पटीने मोजायचे ठरवले, पण एकदा ते ठरवल्यावर ६१७४ आपण ठरवले नाही. ते सापडावे लागले. सेमिनरीतील आमच्या त्या जुन्या वादात दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या, हे आम्हाला या शाळामास्तरांमुळे उमगले.

पुढे काळानेही उत्तर दिले. अमेरिकेत हर्षद संख्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते १९७७ साली गणिती आयव्हन निवेन यांनी एका परिषदेत त्यांचा उल्लेख केला तेव्हा, आणि तिकडे त्यांना निवेन संख्या हे नाव पडले. स्वयंभू संख्यांचा प्रश्न १९७० च्या दशकात कोलंबियातील एका गणितज्ञाने मांडला आणि त्या कोलंबियन संख्या म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या. मग त्याच पोरखेळावर गंभीर सिद्धांत लिहिले गेले. १९९३ साली कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या दोघांनी सिद्ध केले की, ओळीने जास्तीत जास्त वीसच हर्षद संख्या येऊ शकतात, एकवीस कधीच नाही. आणि त्यांनी रचून दाखवलेली वीसांची ओळ सुरू होते कोठे? १ वर ४,४३६ कोटी ३३ लाख ४२ हजार ७८६ शून्ये दिल्यावर जी संख्या होते, तिच्याही पलीकडे. सेकंदाला एक अंक या वेगाने रात्रंदिवस लिहीत बसले तर ती लिहायला चौदाशे वर्षे लागतील. कोणी न पाहिलेल्या आणि कोणी न लिहिलेल्या संख्येविषयी खात्रीने बोलता येते, ही केवढी गोष्ट आहे! आणि तिचे मूळ, १८ ला ९ ने भाग जातो हे पाहून खूश होणाऱ्या एका मास्तरांच्या वहीत आहे.

उत्तरायुष्य

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, म्हणून म्हातारपणी त्यांनी गणित आणि शास्त्र या विषयांच्या शिकवण्या घेऊन घर चालवले. आपल्यातील निवृत्त शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एकटे घर, हातातोंडाची गाठ आणि विद्वानांची उपेक्षा एवढे सारे असूनही त्यांचे संख्यांचे काम थांबले नाही. कोणी वाचील म्हणून ते लिहीत नव्हते, असे दिसते. पुढची संख्या कशी वागते हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नव्हते.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. पंचेचाळीस वर्षे देवळालीत चाललेले काम एकाएकी सर्वदूर पोहोचले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ साली देवळाली येथेच त्यांचे निधन झाले.

आज मुलांच्या गणिताच्या पुस्तकात ६१७४ सापडते आणि तिच्यापुढे कापरेकर हे मराठी आडनाव असते. त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही, प्राध्यापकाची खुर्ची मिळाली नाही. पण ज्याला फक्त वजाबाकी येते अशा मुलाला ज्या गणिताच्या दारातून थेट आत जाता येते, ते दार त्यांनी उघडून ठेवले. हार्डींचे गणित कितीतरी थोर, पण त्याच्या दाराशी पोहोचायला आधी विद्यापीठ चढावे लागते.

आता फळ्यावरील आमच्या संख्येकडे परत येऊ. १२३४५६७८९८७६५४३२१ ही विषम संख्या आहे, पूर्ण वर्ग आहे आणि डेम्लो आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि तिला ८१ ने नि:शेष भाग जातो, म्हणून ती हर्षदही आहे. तिचे मूळ अवयव फक्त तीन : ३ हा चार वेळा, ३७ हा दोन वेळा आणि ३३३६६७ हा दोन वेळा. त्यांवरून तिचे विभाजक मोजले तर ते ४५ भरतात, आणि ४५ ही कापरेकर संख्या. मुलांनी एवढे सगळे एका संध्याकाळी शोधले नाही, त्यांना तीन संध्याकाळी लागल्या. मोठी दिसणारी आणि घाबरवणारी ती संख्या तिसऱ्या संध्याकाळी त्यांना ओळखीची झाली होती.

आणि उपयोग काय, असे विचारणारी ती मुलगी? तिने आमच्या मोटारसायकलच्या नंबरातील शेवटचे चार अंक वहीत उतरवून घेतले आणि वजाबाक्या करीत बसली. सात पायऱ्या झाल्या, आठ झाल्या, नऊ झाल्या, तरी ६१७४ काही येईना. कापरेकरांचे म्हणणे खोटे आहे असे सांगायला ती वही घेऊन आमच्याकडे निघाली होती. मग अर्ध्या वाटेत थांबली, पुन्हा वहीत पाहू लागली. तिसऱ्या वजाबाकीत हातचा चुकला होता. तो तिने स्वत: शोधला, स्वत: दुरुस्त केला आणि पाचव्या पायरीवर ६१७४ आले. कोणी तिला चूक दाखवली नाही, कोणी लाल शाईने फुली मारली नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला आपली चूक आपणच पकडता येते हे त्या दिवशी कळले. तिच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर देऊ शकलो नव्हतो, ते आम्हाला तिच्या वहीत मिळाले.

या रविवारी घरी गेल्यावर मुलांना आपल्या गाडीच्या नंबराचे चार अंक द्या. शून्य असेल तर तेही धरायचे, चारही अंक सारखे असतील तर मात्र शेजाऱ्यांची गाडी पाहावी. सात पायऱ्यांत ६१७४ आले नाही तर मुलांना रागावू नका, त्यांना वही परत द्या. पुढील रविवारी फळा आणि खडू आम्ही बाहेर ओट्यावर ठेवणार आहोत. ज्यांना पावकी-निमकी अजून येते त्या आजी-आजोबांनी अवश्य थांबावे, आमच्या मुलांना त्यांच्याकडून शिकायचे आहे.

आपलेच,
धर्मगुरू